ऐकून शिकलेले निदान आणि आपल्या वॉर्डातला ताप

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात रोगाचे नाव आधी येते आणि लक्षणे मागून येतात. ओपीडीत मात्र लक्षणे आधी येतात आणि रोगाचे नाव आपल्याला शोधावे लागते. हा उलटा प्रवास कसा करायचा, हे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात क्वचितच कोणी सुटे करून दाखवते. विद्यार्थी ते राउंडवर, वरिष्ठांच्या मागे उभे राहून, त्यांच्या अर्ध्यामुर्ध्या वाक्यांवरून वेचत राहतात. पुढे पीजी प्रवेशाच्या तयारीत तर हे वेचणेही थांबते, कारण तिथे प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले असतात आणि त्यांतले एक बरोबर असणार याची हमी असते. मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिन शिकवते. गेली काही वर्षे मी निदानविषयक पॉडकास्ट नियमाने ऐकते, रेसिडेंटनाही ऐकायला लावते, आणि या माध्यमाने आमच्या शिकवण्यातली एक जुनी उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे असे माझे मत झाले आहे. मात्र ते ऐकण्याची एक रीत आहे, आणि आपल्याकडच्या डॉक्टरने ऐकताना एक काम स्वतःच करावे लागते. या लेखात प्रामुख्याने त्या कामाविषयी लिहायचे आहे.

या पद्धतीचे मूळ पॉडकास्टपेक्षा बरेच जुने आहे. 1900 साली हार्वर्डमध्ये वैद्यक शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने, कायदा शिकणारा आपला खोलीतला सोबती प्रत्यक्ष खटल्यांवर वाद घालत विषय शिकतो हे पाहून, वैद्यकही प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवरून शिकवावे अशी सूचना मांडली. रिचर्ड कॅबट यांनी ती कल्पना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वाढवली: एका डॉक्टरने केवळ नोंदी वाचून सर्वांसमोर निदान मांडायचे आणि शेवटी पॅथॉलॉजिस्टने, म्हणजे ऊती तपासणाऱ्या डॉक्टरने, खरे काय निघाले ते सांगायचे. त्या रुग्णालयाच्या केसेस शंभर वर्षांनंतर आजही न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापल्या जातात. आपल्याकडे चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत ही परंपरा मोठ्या निष्ठेने पाळली जाते. 1990 च्या दशकात त्याच जर्नलने आणखी एक सदर सुरू केले, ज्यात केसची माहिती तुकड्यातुकड्यांनी दिली जाते आणि शेवट ठाऊक नसलेला तज्ज्ञ प्रत्येक तुकड्यावर आपला विचार लिहितो. पॉडकास्टनी नेमके हेच उचलले आणि त्याला आवाज दिला.

रझा मनेश आणि रबीह गेहा या दोन डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह चालवलेला ‘क्लिनिकल प्रॉब्लेम सॉल्व्हर्स’ हा या प्रकारातला सर्वांत शिस्तबद्ध पॉडकास्ट आहे असे मला वाटते. एक जण केस सांगतो, ठरावीक जागी थांबतो, आणि दुसरे डॉक्टर त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काय चालले आहे ते मोठ्याने बोलतात. कोविडच्या काळात त्यांनी याच धर्तीवर रोजची ऑनलाइन चर्चा सुरू केली आणि ती जगभरातल्या विद्यार्थ्यांना विनामूल्य खुली ठेवली; अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठातल्या सकाळच्या चर्चेला भारतातल्या जिल्ह्याच्या गावातला इंटर्न संध्याकाळी बसू शकतो, ही गोष्ट माझ्या विद्यार्थिदशेत कल्पनेतही नव्हती. ‘कर्बसायडर्स’ आणि ‘कोअर आयएम’ हे पॉडकास्टही उत्तम आहेत, पण त्यांचा भर उपचार आणि विषयज्ञान यांवर अधिक आहे. अ‍ॅडम रॉडमन यांचा ‘बेडसाइड राउंड्स’ वैद्यकाच्या इतिहासातून निदानाकडे पाहतो; रेसिडेन्सी संपल्यावर, थोडी उसंत असताना तो जास्त भावतो.

छापील केसपेक्षा ऐकलेली केस वेगळी का ठरते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. छापील चर्चेवर संपादकाचा हात फिरलेला असतो, त्यामुळे तज्ज्ञाचा विचार सरळ रेषेत गेल्यासारखा दिसतो. ऐकताना मात्र तो अडखळतो, मागे येतो, ‘हे मला पटत नाही, पण सोडूनही देता येत नाही’ असे म्हणतो, एखाद्या रिपोर्टने आपला आधीचा अंदाज मोडला हे कबूल करतो आणि नव्याने मांडणी करतो. आपल्याकडे वरिष्ठांनी विद्यार्थ्यांसमोर ‘मला अजून कळलेले नाही’ असे म्हणण्याची पद्धत कमी आहे. त्यामुळे अनुभवी डॉक्टरचे निदान म्हणजे एकदम सुचलेली गोष्ट असते, असा ग्रह तरुण मुलामुलींचा होतो. तीस वर्षे वैद्यक केलेला माणूसही पहिल्या पाच मिनिटांत चारपाच शक्यता हातात धरून असतो आणि एकेक खाली ठेवत जातो, हे कानांनी ऐकले की तो ग्रह जातो.

या चर्चांमधून पहिली सवय लागते ती सगळी हकिकत एका वाक्यात बांधण्याची. रुग्ण कोण, त्रास किती दिवसांचा, आणि मुख्य लक्षणसमूह कोणता, एवढ्या तीनच गोष्टी त्या वाक्यात असतात. पण काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवतानाच निम्मे निदान होते. रेसिडेंट केस सांगताना दहा मिनिटे बोलतात आणि शेवटी ‘फीव्हर अंडर इव्हॅल्युएशन’ (तापाची तपासणी चालू) एवढेच म्हणतात, तेव्हा माहितीची कमतरता नसते, ही बांधणी झालेली नसते.

दुसरी सवय म्हणजे लक्षणापासून निघून पायरीपायरीने उतरणारा आराखडा वापरण्याची. रक्तातील सोडियम कमी आले तर कारणांची पाठ केलेली यादी म्हणू लागण्याऐवजी आधी रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, पाहायची. ती खरोखर कमी असेल तर लघवीची ऑस्मोलॅलिटी पाहायची: ती शंभराच्या खाली असेल तर मूत्रपिंड आपले काम करत आहे आणि रुग्ण पाणी फार पीत आहे किंवा अन्न फार कमी खात आहे, ती शंभराच्या वर असेल तर एडीएच हे शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक काम करत आहे, मग ते का, हे लघवीतले सोडियम आणि रुग्णाच्या शरीरातील पाण्याची स्थिती यांवरून ठरवायचे. लघवीतले सोडियम कमी असेल तर उलट्या-जुलाब, हृदय किंवा यकृत यांच्याकडे वळायचे. जास्त असेल तर लघवी वाढवणाऱ्या डाययुरेटिक गोळ्या, थायरॉइड, अ‍ॅड्रिनल यांची चौकशी करून मगच एसआयएडीएच (एडीएच गरज नसताना स्रवणे) म्हणायचे. यातली प्रत्येक पायरी शरीरक्रियेवर उभी आहे, म्हणून ती लक्षात राहते, आणि रात्री दोन वाजता थकलेल्या डोक्यालाही ती सापडते.

इथपर्यंतचे सारे बोस्टनमध्ये खरे आहे आणि बुलढाण्यातही खरे आहे. फरक पडतो तो पुढे, कारण आराखड्यात कोणत्या शक्यता आहेत एवढे कळून भागत नाही, त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या हे ठरवावे लागते, आणि तो क्रम त्या त्या भूमीचा असतो.

पापण्या पडणे, दोन दोन दिसणे, गिळता न येणे आणि मग हातापायांतली शक्ती जाणे, असा वरून खाली उतरणारा पक्षाघात घ्या. परदेशी पॉडकास्टवर हा प्रश्न आला की चर्चा मायस्थेनिया, मिलर फिशर सिंड्रोम आणि बॉट्युलिझम या नसा-स्नायूंच्या विकारांभोवती फिरते, आणि तिथल्या रुग्णांसाठी ते योग्यच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात पहाटे जमिनीवर झोपलेला माणूस पोटात दुखते म्हणून उठतो, एकदोन उलट्या करतो आणि सकाळपर्यंत त्याच्या पापण्या जड होतात, तेव्हा सर्वांत आधी मण्यारीचा विचार करावा लागतो. मण्यार रात्री चावते, चावल्याचे दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण बऱ्याचदा सापडतच नाही. त्यामुळे रुग्ण सापाचे नावही काढत नाही आणि पोटदुखीमुळे कधी कधी सर्जरीच्या वॉर्डात पोहोचतो. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी बिघडते, मण्यारीत ती ठीक येते, म्हणून केवळ तेवढ्यावर सर्पदंश नाकारता येत नाही. अशा रुग्णाला प्रतिविष आणि वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर तो पूर्ण बरा होऊन घरी जातो. आधी मिलर फिशर ठरवून एमआरआयसाठी दुसऱ्या गावी पाठवला तर त्याचा श्वास वाटेतच थांबू शकतो.

प्रत्येक रोगाचे एक कथानक डॉक्टरच्या मनात तयार असावे लागते: तो कुणाला होतो, कोणत्या काळात होतो, कसा सुरू होतो आणि शरीरात नेमके काय बिघडल्यामुळे तसा दिसतो. पॉडकास्ट ही कल्पना फार छान समजावतात, पण मण्यारीचे कथानक ते आपल्याला देणार नाहीत. विंचूदंशाचे तर नाहीच नाही. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय आणि त्यानंतर फुप्फुसांत पाणी, हा क्रम डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये रुग्णांशेजारी बसून नोंदवला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. ते काम 1980 च्या दशकात लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात बसून रचलेले ते कथानक आज जगाच्या विषशास्त्राच्या पुस्तकांत आहे. निदानाचा विचार कसा वाढतो याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि आमच्या विद्यार्थ्यांना ते सांगताना मला दरवेळी अभिमान वाटतो.

चाचण्यांचेही असेच आहे. समजा, एखादी चाचणी पॉझिटिव्ह आल्यास रोगाचे पारडे पाचपट जड होते. रोग असण्याची आधीची शक्यता दहा टक्के असेल, तर एकास नऊ हे प्रमाण पाचास नऊ होते, म्हणजे शक्यता सुमारे 36 टक्क्यांवर जाते आणि निर्णय अधांतरीच राहतो. आधीची शक्यता पन्नास टक्के असेल, तर त्याच चाचणीने ती सुमारे 83 टक्क्यांवर जाते आणि उपचार सुरू करता येतात. चाचणी तीच, आकडा तोच, अर्थ निराळा. फुप्फुसाभोवतालच्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त आणि एडीए हे एंझाइम चाळीसच्या वर, असा रिपोर्ट पाहून अमेरिकेतला डॉक्टर लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), संधिवात आणि इतर कारणे आधी शोधत बसेल. आपल्याकडे तरुण रुग्णात, महिनाभराचा ताप आणि उतरलेले वजन असताना, तो क्षयाच्या बाजूने बळकट पुरावा ठरतो. याउलट विडालसारखी चाचणी आपल्याकडे अनेक निरोगी माणसांतही थोड्याफार प्रमाणात पॉझिटिव्ह येते, म्हणून एका विडालच्या कागदावर टायफॉइडचे उपचार सुरू करण्याची आपल्याकडची प्रथा मला अतिशय खटकते. आधीची शक्यता काय होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय रिपोर्ट वाचू नये, हे मी रेसिडेंटना सतत सांगते. पॉडकास्ट ऐकताना स्वतः करावे लागणारे काम ते हेच: आराखडा त्यांचा घ्यायचा आणि आधीच्या शक्यता आपल्या वॉर्डातून भरायच्या.

प्रत्यक्षात हे कसे होते ते सांगण्यासाठी आम्ही शिकवताना वापरतो तो एक रचलेला रुग्ण इथे मांडते. पंचेचाळीस वर्षांची, सोयाबीनच्या शेतात निंदणाला जाणारी बाई, सप्टेंबर महिना, नऊ दिवसांचा ताप, सडकून डोकेदुखी, दोन दिवसांपासून दम. डोळे किंचित पिवळे, प्लेटलेट साठ हजार, यकृताची एंझाइम एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही दोनशेच्या आसपास, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन थोडे वाढलेले. केस सांगणाऱ्याने इथे थांबायचे. पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हटल्याबरोबर वॉर्डातला प्रत्येक जण डेंग्यू म्हणतो, कारण डेंग्यूचे रुग्ण शेजारच्या खाटांवर असतात आणि जे नुकतेच पाहिले तेच मनात आधी येते. पण डेंग्यूचा ताप सहसा आठवड्याभरात उतरतो आणि गुंतागुंत झालीच तर ती ताप उतरण्याच्या सुमारास होते; नवव्या दिवशी ताप तसाच चढा असून दम वाढत असेल, तर डेंग्यू मागे सरकतो. मलेरिया मागे सरकवायला मात्र तर्क पुरेसा नाही, तिथे रक्ताचा स्मिअर आणि रॅपिड टेस्ट दोन्ही हव्यात, लागल्यास पुन्हा. लेप्टोस्पायरोसिसमध्ये, म्हणजे जनावरांच्या लघवीतून पसरणाऱ्या जंतूंच्या आजारात, कावीळ ठळक असते पण एंझाइम त्या मानाने कमी वाढतात, डोळे लाल असतात, पोटऱ्या दाबल्यावर दुखतात, मूत्रपिंड बिघडूनही पोटॅशियम बऱ्याचदा वाढत नाही. माइट या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये डोकेदुखी, फुप्फुसांवरचा परिणाम आणि दोन्ही एंझाइमची मध्यम वाढ एकत्र दिसते. इथे पुढची तपासणी कागदावर होत नाही, शरीरावर होते: काख, जांघ, स्तनाखालची घडी, आणि साडीची किंवा परकराची नाडी जिथे घट्ट बसते ती कंबर उजेडात पाहावी लागते. माइटची अळी जिथे कपडा अंगाला घट्ट लागतो तिथे चावते, आणि चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी, न दुखणारी खपली राहते. न दुखणारी असल्यामुळे रुग्ण ती आपणहून सांगत नाही. डॉक्टर पुरुष असेल तर नर्सच्या उपस्थितीत, पडदा ओढून, पण पाहायलाच हवे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या भागात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हापासून आमच्याकडे ही तपासणी तापाच्या रुग्णात नेहमीची झाली आहे; पण अशी सवय टिकवावी लागते, ती आपोआप टिकत नाही.

खपली सापडली नाही तरी या रुग्णाला डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यावे असे माझे मत आहे, कारण ते स्क्रब टायफस आणि लेप्टो या दोहोंवर चालते, आणि आयजीएम या प्रतिपिंड-चाचणीच्या रिपोर्टची वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात. शिवाय औषध हीदेखील एक तपासणी ठरते: स्क्रब टायफसचा ताप डॉक्सिसायक्लिनने साधारण दोन दिवसांत उतरतो. उतरला नाही तर पुन्हा सुरुवातीपासून विचार करायचा. अशा चर्चांमध्ये मी विद्यार्थ्यांकडून नेहमी तीन उत्तरे मागते: सर्वांत संभाव्य काय, चुकवून चालणार नाही असे काय, आणि तुमचे मत बदलायला कोणता पुरावा पुरेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर निदानाचे दार वेळेआधीच बंद झाले आहे.

ऐकण्याच्या रीतीबद्दल माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. केस सांगणारा थांबला की आपणही पॉडकास्ट थांबवावा, आपले एक वाक्य आणि आपल्या तीन शक्यता लिहून काढाव्यात, आणि मगच तज्ज्ञांचे ऐकावे. न थांबता ऐकले तर सगळे पटत जाते, आणि पटलेले आपल्याला येते असे वाटू लागते. बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना ऐकणाऱ्याला लिहिणे जमणार नाही; त्याने किमान मोठ्याने बोलावे. दोघातिघांनी ड्यूटी रूममध्ये एकत्र ऐकणे त्याहून चांगले, कारण मग आपल्याला काय सुचले नाही ते लगेच समजते.

या माध्यमाची मर्यादाही मोठी आहे. ऐकवलेल्या केसमध्ये हिस्टरी आधीच घोटून, गाळून दिलेली असते. आपल्याकडचा रुग्ण छातीतल्या दडपणाला ‘गॅस’ म्हणतो, त्याच्या वतीने मुलगा किंवा सून बोलते, आणि आधीच्या तीन डॉक्टरांनी दिलेली औषधे पिशवीत नाव फाटलेल्या पट्ट्यांच्या रूपात असतात. यातून केस उभी करणे हेच सर्वांत अवघड काम आहे आणि ते ऐकून येत नाही. प्लीहा हाताला लागते की नाही, हेही ऐकून कळत नाही. शिवाय ऐकवण्यासाठी दुर्मीळ केस निवडल्या जातात आणि त्यांचे उत्तर शेवटी मिळतेच, त्यामुळे सामान्य रोगाच्या असामान्य रूपाकडे लक्ष कमी जाते. आर्थर एल्स्टाइन, ली शुलमन आणि सारा स्प्राफ्का यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून असे दिसले होते की, लवकर काही मोजके अंदाज बांधणे आणि ते तपासणे हे नवखे आणि अनुभवी दोघेही करतात. एका केसमध्ये चांगला विचार करणारा डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये तसाच करेल याची खात्री देता येत नाही, कारण फरक त्या त्या विषयाच्या ज्ञानाचा पडतो. म्हणून नुसती विचारपद्धती शिकून निदान येत नाही. रुग्ण पाहावे लागतात, आणि त्यांचे पुढे काय झाले ते कळवून घ्यावे लागते. आपल्या सरकारी रुग्णालयांत रुग्ण दुसरीकडे पाठवला की त्याची बातमी परत येत नाही, आणि त्यामुळे आपला अंदाज बरोबर होता की नाही हे आयुष्यभर कळत नाही. रेफर केलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना आठवड्याने फोन करण्याचे काम आमच्या युनिटमध्ये आता एका रेसिडेंटकडे नेमून दिलेले असते, आणि त्या फोननंतरची चर्चा अनेकदा पॉडकास्टपेक्षा जास्त शिकवून जाते.

आता हीच चर्चा मराठीत ध्वनिमुद्रित करण्याचा विचार आम्ही करत आहोत. औषधांची आणि चाचण्यांची नावे इंग्रजीच राहतील, त्याला इलाज नाही. पण रुग्णाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत येईल आणि विचार आपल्या भाषेत ऐकू येईल. ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात असणार नाही, आणि रुग्णाची लेखी संमती आधी घेतली जाईल. पहिल्या केसेस ठरल्या आहेत: पहाटेची पोटदुखी, नवव्या दिवसाचा ताप, छातीत पाणी झालेला तरुण, आणि एक अशी केस जिचे निदान आमच्याकडे शेवटपर्यंत झाले नाही आणि रुग्ण बरी होऊन घरी गेली. ही शेवटची केस ध्वनिमुद्रित करू नये, ऐकणाऱ्यांचा विरस होईल, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे होते. मी ती ठेवायचीच असे सांगितले आहे, कारण जिल्ह्याच्या रुग्णालयात असे रुग्ण नेहमी असतात आणि त्यांना काय सांगून घरी पाठवायचे, कोणत्या दिवशी परत बोलवायचे आणि परत आल्यावर कोणते रक्त पुन्हा तपासायचे, हेही कोणीतरी मोठ्याने बोलून दाखवायला हवे.